न तापलेला हीटर आणि अभावाचे कारणत्व

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधला एक बिघाड बहुधा ठरलेल्या क्रमाने पुढे येतो. खालच्या कप्प्यातले दूध लवकर नासते, पालेभाजी मलूल पडते. वरच्या फ्रीजरमधले बर्फाचे खडे मात्र अजून घट्ट असतात. कॉम्प्रेसर थांबत नाही. आणखी काही दिवसांनी फ्रीजरच्या आतल्या मागच्या भिंतीवर पांढरा थर धरतो आणि पंख्याची पाती बर्फाला घासून खरखरू लागतात. ते मागचे झाकण खोलले की गारवा देणारी कॉइल बर्फात गाडलेली दिसते. मेकॅनिकचे निदान एका वाक्याचे असते : हीटर चालला नाही, म्हणून बर्फ साठला. वाक्य बरोबर असते आणि दुरुस्तीही त्याच्याच आधारे होते. पण ‘हीटर चालला नाही’ हे घटनेचे वर्णन नाही. एक घटना घडली नाही, एवढेच ते सांगते. जे घडलेच नाही त्याने काही घडवले, असे म्हणता येते का? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे, आणि स्वयंचलित डिफ्रॉस्टच्या बिघाडाइतके त्याचे स्वच्छ उदाहरण घरात क्वचितच सापडेल.

व्यवस्था अशी असते. दार उघडल्यावर आत शिरणारी दमट हवा, झाकण नसलेल्या भांड्यातला ओलावा, भाज्यांतून सुटणारी वाफ, हे सगळे शेवटी आतल्या सर्वांत थंड जागी, म्हणजे कॉइलच्या पातळ पत्र्यांवर, हिम होऊन बसते. ते टाळता येत नाही. ठरावीक काळाने वितळवावे लागते. जुन्या धर्तीच्या यंत्रात हे काम टायमर करतो. कॉम्प्रेसर साधारण ६ ते १२ तास चालला की टायमर त्याची आणि पंख्याची वीज तोडून ती कॉइलजवळच्या हीटरला देतो. कॉइलला अडकवलेला बायमेटल थर्मोस्टॅट कॉइल गोठलेली असेपर्यंत वीज जाऊ देतो आणि ती शून्याच्या काही अंश वर गेली की वाट तोडतो. त्याच वाटेवर अनेक मॉडेलांत एक थर्मल फ्यूज असतो. उष्णता भलतीच वाढली तर तो कायमचा उडतो. वितळलेले पाणी पन्हळीतून, नळीवाटे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पडते आणि तिथल्या उबेने उडून जाते. नव्या यंत्रांत टायमरच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि बायमेटलच्या जागी सेन्सर आला आहे, तरी कामाचा क्रम तोच आहे. अर्धा किलो बर्फ नुसता वितळवायला सुमारे १६७ किलोज्यूल उष्णता लागते. २०० वॅटचा हीटर ती १४ मिनिटांत देतो. एवढे छोटे काम वेळच्या वेळी झाले नाही, की हिमाने पत्र्यांमधल्या फटी बुजतात आणि पंख्याची हवा कॉइलमधून जाईनाशी होते. बऱ्याच मॉडेलांत खालच्या कप्प्याला स्वतःची कॉइल नसते, वरून येणाऱ्या हवेवरच तो थंड राहतो. म्हणून आधी तो गरम होतो.

आता आक्षेप. बर्फ कशाने झाला? हवेतल्या वाफेने आणि कॉइलच्या थंडीने. गार पडून राहिलेल्या हीटरने बर्फाला काही दिले नाही, त्याच्याकडून काही घेतले नाही. ज्याचा हात लागलाच नाही त्याला कर्त्यांच्या रांगेत का बसवायचे? बौद्ध तार्किकांची भूमिका या आक्षेपाच्या जवळची आहे. त्यांच्या मते जे खरोखर असते ते काही ना काही कार्य करते, आणि अभाव ही केवळ बुद्धीने केलेली रचना आहे. प्राभाकर मीमांसकही अभावाला वेगळा पदार्थ मानत नाहीत. घट नसलेली जमीन म्हणजे त्यांच्या लेखी नुसती जमीन. अलीकडच्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपैकी फिल डाउ यांनीही असाच पक्ष घेतला. ऊर्जेसारख्या राशींची प्रत्यक्ष देवघेव जिथे होते तिथेच खरा कार्यकारणभाव असतो, आणि न घडलेल्या गोष्टींना कारण म्हणणे ही बोलण्याची सोय असते, असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्या बाजूला डेव्हिड ह्यूम यांच्या १७४८च्या ग्रंथात एक वेगळी कसोटी ओझरती येते, आणि डेव्हिड लुइस यांनी १९७३मध्ये तिचा पूर्ण सिद्धान्त केला : अमुक झाले नसते तर तमुक झाले नसते, असे जिथे म्हणता येते तिथे कारण असते. हीटर चालला असता तर बर्फ साठला नसता. म्हणून त्याचे न चालणे हे कारण. पुढे नेड हॉल यांनी सुचवले की ‘कारण’ म्हणताना माणसे दोन वेगळ्या नात्यांविषयी बोलत असतात : एक प्रत्यक्ष निर्मितीचे, दुसरे अवलंबनाचे.

ही वाटणी न्यायपरंपरेला पूर्वीपासून ठाऊक होती, आणि ती जास्त काटेकोर होती, असे म्हणायला जागा आहे. वैशेषिकांच्या जुन्या यादीत सहा पदार्थ होते. शिवादित्याच्या ‘सप्तपदार्थी’त अभाव हा सातवा म्हणून उघडपणे बसला, आणि सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पर्यंत ती यादी पाठ्यपुस्तकाची झाली. त्याच परंपरेत कारणे तीन प्रकारची मानली जातात. कार्य ज्या द्रव्यात समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहते ते समवायी, त्या द्रव्यातला संयोगासारखा गुण किंवा क्रिया हे असमवायी, आणि या दोहोंखेरीजचे निमित्त. अभाव समवायी होऊ शकत नाही, कारण त्याच्यात समवायाने काही राहत नाही. तो असमवायीही होत नाही. तो फक्त निमित्तकारण होऊ शकतो. आक्षेपाचा सगळा जोर इथे विरतो. न तापलेल्या हीटरने बर्फ आपल्यातून निर्माण केला, असे कोणी म्हणतच नाही. बर्फाचे द्रव्य पाण्याचे आहे, त्या कणांचा संयोग थंडीने घडला आहे, आणि हीटरची उष्णता नसणे हे निमित्त आहे. अभावाला कारण म्हणणे आणि अभावातून वस्तू निघाली म्हणणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, की कारणत्व नाकारण्याची गरज उरत नाही.

न्याय आणि मीमांसा यांच्यातला प्रतिबंधकाचा, म्हणजे कार्य अडवणाऱ्या गोष्टीचा, वाद तर या फ्रिजला नेमका लागू पडतो. शास्त्रीय उदाहरण अग्नीचे आहे : लाकूड आहे, अग्नी आहे, पण जवळ विशिष्ट मणी ठेवला तर दाह होत नाही, असे मानले जाई. मीमांसकांचे उत्तर : अग्नीत दाहाची शक्ती नावाचा वेगळा पदार्थ आहे, आणि मण्याने ती शक्ती नष्ट होते. नैयायिकांचे उत्तर : अग्नीचे काहीच गेलेले नाही, दाहाच्या कारणसामग्रीत ‘मण्याचा अभाव’ हाही एक घटक आहे, तो नाही म्हणून कार्य नाही. मणी उचलला की दाह परत सुरू होतो. शक्ती मानली तर ती दर वेळी नष्ट झाली आणि दर वेळी नव्याने उपजली असे मानावे लागते. लाघवाच्या, म्हणजे कमीत कमी गोष्टी गृहीत धरण्याच्या, दृष्टीने ते महाग पडते.

बर्फाने बुजलेल्या कॉइलची अवस्था हीच आहे. ‘कूलिंग गेले’ असे घरात म्हटले जाते, आणि त्या म्हणण्यामागे मीमांसकांची शक्ती उभी असते : यंत्रातली थंड करण्याची ताकद संपली, गॅस भरायला हवा. वस्तुतः कॉइल तितकीच थंड असते, कॉम्प्रेसर धडधाकट असतो, गॅस पुरेसा असतो. हवा आणि कॉइल यांच्या मध्ये बर्फ आला आहे, एवढेच. वीज बंद करून, दारे उघडी ठेवून तो पूर्ण वितळू दिला, की फ्रिज पहिल्यासारखा चालू लागतो. हा पुरावा नैयायिकांच्या बाजूचा आहे, आणि पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे : नको असलेला गॅस भरण्याचा खर्च याच विचाराने वाचतो. (बर्फ सुरीने टोचून काढणे मात्र घातक. कॉइलची नळी फुटली तर गॅस खरोखरच जातो.)

अभाव कारण मानला की लगेच एक अडचण उभी राहते : कोणता अभाव? हीटर तापला नाही हे खरे, पण शेजाऱ्याने येऊन कॉइलवर गरम पाणी ओतले नाही, हेही खरे. त्याने ओतले असते तर बर्फ वितळला असता. मग शेजाऱ्याचे न येणे हेही कारण का नाही? नुसत्या ‘असते तर, नसते तर’ या कसोटीजवळ याचे उत्तर नाही. हार्ट आणि ऑनरे यांनी १९५९च्या आपल्या कायदेविषयक ग्रंथात बागेला पाणी न घालणाऱ्या माळ्याच्या उदाहरणाने याचा विचार केला. पाणी बाकीच्यांनीही घातले नव्हते, पण ते घालणे माळ्याचे काम होते. रोजच्या रीतीतून जे चुकले तेच कारण म्हणून उचलले जाते. १८६०च्या भारतीय दंड संहितेनेही बेकायदेशीर अकृतीला कृत्यात धरले होते, तेव्हा नुसते न करणे तिला पुरेसे नव्हते. ते करणे बंधनकारक असावे लागे.

यंत्राला कर्तव्य नसते, पण रचना असते, आणि इथे रचनेनेच उत्तर दिले आहे. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये डिफ्रॉस्ट हीटर बहुधा नसतोच. त्याच्या फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ साठला तर हीटर नसल्याने साठला असे कोणी म्हणत नाही. थर्मोस्टॅटच्या मधले डिफ्रॉस्टचे बटण वेळेवर दाबले नाही, असे म्हणतात. दोन्हीकडे बर्फ तोच, वाफ तीच, हीटरची उष्णताही दोन्हीकडे नाही. तरी कारण म्हणून ज्याचे नाव घ्यायचे तो अभाव बदलला. नैयायिक यासाठीच अभावाला मोकळे सोडत नाहीत. कशाचा अभाव, म्हणजे प्रतियोगी कोण, आणि कुठे, म्हणजे अनुयोगी कोण, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या भाषेत अभाव बोलताच येत नाही. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’त, पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८मध्ये काढलेल्या आवृत्तीत, अशा संज्ञांची लक्षणे उतरवून ठेवली आहेत. वरवर रुक्ष दिसणारा तो खटाटोप ज्या शिस्तीसाठी होता, ती शिस्त बिघाड शोधणाऱ्याला पावलोपावली लागते.

अभावाचे चार प्रकारही इथे कामाला येतात. जे अजून झालेले नाही पण व्हायचे आहे त्याचा प्रागभाव : याला आरंभ नसतो, शेवट असतो. मागच्या डिफ्रॉस्टनंतर पाच-सहा तासांनी झाकण खोलले तर कॉइलवर पातळ हिम दिसणारच. उष्णतेची पाळी अजून यायची आहे, हा बिघाड नाही. अननुभवी निदान अनेकदा इथेच फसते. जे होते आणि नाश पावले त्याचा प्रध्वंसाभाव : याला आरंभ असतो, शेवट नसतो. हीटरची तार तुटली, फ्यूज उडला, की ती जोडणी परत येत नाही. नवा भाग बसवला तर तो नवाच असतो. साध्या फ्रिजमधले हीटरचे नसणे अत्यंताभावाकडे, म्हणजे तिन्ही काळांतल्या नसण्याकडे, झुकते. चौथा, अन्योन्याभाव, म्हणजे एक वस्तू दुसरी नसणे, निदानात फारसा उपयोगाचा नाही.

यापुढचा प्रश्न ज्ञानाचा आहे : जे नाही ते नाही, हे कळते कसे? भाट्ट मीमांसक यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात, अभाव इंद्रियांनीच कळतो, अनुपलब्धी फक्त साहाय्य करते. धर्मकीर्तीने सातव्या शतकात तिला अनुमानाचा हेतू केले. तिघांचे एका अटीवर एकमत आहे, आणि ती अट सोन्यासारखी आहे : न दिसणे योग्य हवे. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे तिचा अभाव सांगते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असे ठरत नाही.

बायमेटल तपासताना ही अट मोडली जाते. भाग काढून टेबलावर ठेवला आणि मल्टिमीटर लावला, तर वीज जात नाही असे दिसते, आणि चांगला भाग खराब ठरवून फेकला जातो. पण खोलीच्या तापमानाला बायमेटलने वाट तोडलेलीच असायला हवी. ती त्याची निरोगी अवस्था आहे. तो चांगला असता तर वीज गेली असती, हे म्हणणे फक्त तो पुरेसा गोठलेला असतानाच खरे असते. टेबलावरची ती तपासणी अंधारातल्या घटासारखी आहे. साधे बर्फाचे पाणीही पुरत नाही, कारण ते शून्य अंशावर असते आणि अनेक बायमेटलांना वाट जोडायला त्याच्या बरेच खाली जावे लागते. भाग चालू फ्रीजरमध्ये पुरेसा वेळ ठेवून, बाहेर काढताक्षणी मोजावा. याउलट एखादा बायमेटल टेबलावर वीज जाऊ देत असेल तर तो चिकटलेला आहे, आणि तेच जास्त धोक्याचे. हीटर आणि फ्यूज यांना अशी अट नाही : त्यांच्यातून कोणत्याही तापमानाला वीज जायला हवी, म्हणून त्यांच्या बाबतीत टेबलावरची अनुपलब्धी योग्यच ठरते. २३० व्होल्टवर १५० ते २०० वॅटचा हीटर साधारण ३५० ते २६५ ओहम दाखवतो. ही सगळी मोजणी प्लग काढूनच करायची असते.

तरी एक गाठ राहते. कार्य एक आणि संभाव्य कारणे अनेक, तेव्हा कार्यावरून कारण कसे ओळखायचे? जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३मध्ये कारणांच्या अनेकतेला आपल्या पद्धतींपुढची मोठी अडचण म्हटले. संस्कृत परंपरेत हीच अडचण तृणारणिमणिन्याय म्हणून ओळखली जाते : अग्नी गवतापासूनही होतो, अरणीच्या मंथनानेही होतो, सूर्यकिरण एकवटणाऱ्या मण्यानेही होतो, मग अग्नीचे नियत कारण कोणते? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याचा विचार केला. नैयायिकांचे उत्तर असे की तिन्ही अग्नी सारखे दिसले तरी त्यांच्या जाती वेगळ्या आहेत, आणि प्रत्येक जातीचे कारण ठरलेले आहे. म्हणजे कार्याकडे जास्त बारकाईने पाहायचे.

अनुभवी मेकॅनिक झाकण खोलल्यावर हेच करतो. बर्फ आहे, एवढ्यावर तो थांबत नाही. कसला आहे ते पाहतो. संपूर्ण कॉइलवर सारखा, घट्ट, पांढरा थर असेल तर डिफ्रॉस्ट झालेला नाही. कॉइलच्या एका टोकालाच हिम आणि बाकीची कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी पडला आहे. तिथे हीटर बदलणे व्यर्थ. तळाशी पारदर्शक बर्फाचा गोळा असेल तर हिम वितळले होते, पण पाण्याची नळी तुंबली. दाराजवळ भुसभुशीत हिम असेल तर दाराचे रबर बसत नाही आणि बाहेरची हवा आत येते आहे. चार घरांत तक्रार एकच असते, कूलिंग नाही. बर्फाच्या जाती मात्र चार.

पण टायमर, बायमेटल, हीटर आणि फ्यूज हे एकाच माळेत आहेत. कोणताही एक तुटला तरी कॉइलवर तोच सारखा पांढरा थर येतो, आणि तिथे कार्यात भेद उरत नाही. उदयनांचा उपाय इथे संपतो, हे मान्य करायला हवे. इथून पुढे अन्वय आणि व्यतिरेक यांनी, म्हणजे एकेक गोष्ट असताना व नसताना काय होते ते पाहून, वाट काढावी लागते. कॉइल गोठलेली असताना टायमर हाताने डिफ्रॉस्टच्या जागी फिरवला आणि हीटर तापू लागला, तर बायमेटल, हीटर आणि फ्यूज तिन्ही एका फटक्यात निर्दोष ठरतात, दोष टायमरचा. तापला नाही तर मात्र मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

तुटलेला भाग सापडला तरी कारणांची साखळी तिथे तुटत नाही. फ्यूज उडालेला असेल तर तो बदलून झाकण लावणे हे अर्धे निदान आहे. बायमेटल वाट तोडायला विसरला, म्हणून हीटर तापत राहिला आणि फ्यूजने आपले काम केले, अशी बरीच शक्यता असते. तिथे अनर्थाचे कारण पुन्हा एक अभावच आहे, वाट तुटण्याचा. एका अभावामागे दुसरा अभाव अशी ही साखळी किती मागे न्यायची, याला निव्वळ तर्काचे उत्तर नाही. जिथे काही बदलून कार्य टाळता येते तिथे थांबणे योग्य. हवेतला दमटपणा हेही बर्फाचे कारण आहे आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो भरपूर असतो, पण दुरुस्ती त्याची करता येत नाही.

शेवटी, निदान बरोबर होते हे कशावरून? नैयायिक ज्ञानाचे प्रामाण्य परतः मानतात : ज्ञानाच्या आधारे केलेली कृती फळली तर ते ज्ञान प्रमाण. या बिघाडात त्या कसोटीला एक सापळा आहे. दुरुस्तीआधी बर्फ काढावाच लागतो, आणि नुसता बर्फ काढल्यानेच फ्रिज आठवडाभर किंवा त्याहून जास्त उत्तम चालतो. त्यामुळे चुकीचा भाग बदलला तरी दुसऱ्या दिवशी सगळे ठीक दिसते. फळ मिळाले, पण ते दुसऱ्याच कारणाचे. काकतालीय न्यायाचे हे स्वच्छ उदाहरण. म्हणून पहिल्या काही दिवसांतला थंडावा पुरावा म्हणून धरू नये. मागच्या वेळी कॉइल बुजायला जितके दिवस लागले त्याहून जास्त दिवस जाऊ द्यावेत. त्याआधी खात्री हवी असेल तर मागच्या ट्रेमध्ये पाणी पडते आहे का ते पाहावे : हीटर तापला आणि हिम वितळले याची ती प्रत्यक्ष दिसणारी खूण आहे. मात्र ट्रे कोरडा दिसला, तर पाणी तिथल्या उबेने उडूनही गेलेले असू शकते, आणि योग्य अनुपलब्धीची अट तिथेही लागू होते. अशा वेळी डिफ्रॉस्ट संपल्यावर लगेच पाहावे.